‘पुढच्या साली बघू’ म्हणणारी नायिका

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. यादव राजा रामचंद्राच्या काळातला, इ.स. १३१० चा ताम्रपट इथं सापडला, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव ठाऊक. बाकीच्यांना ते ठाऊक आहे धोंड्याच्या महिन्यामुळं. अधिक महिना पुरुषोत्तमाचा आणि पुरुषोत्तमाचं देऊळ इथं, त्यामुळं त्या महिन्यात गावाकडं जाणारे रस्ते भरून वाहतात. लेकी-जावई माहेरी येतात, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण मिळतं, नवे कपडे मिळतात. साऱ्या मराठवाड्यात हा महिना जावयांचा समजला जातो. तो आणखी कुणाचा तरी असतो, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही. अधिकात लग्नं लागत नाहीत, सुपारी फुटत नाही, बस्ता बांधायला कुणी कापड दुकानाची पायरी चढत नाही. २०२६ चा अधिक महिना तर ज्येष्ठातला, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईतला. बारावीचा निकाल नुकताच हातात पडलाय आणि बायोडाटा तीन मामांच्या मोबाइलमधून फिरतोय, अशा मुलीला पंचांगानं दिलेले ते तीस दिवस असतात.

ही मुलगी मराठी सिनेमात कुठं दिसते का? रडताना दिसते. सोसताना दिसते. एखाद्या माहितीपटात चेहरा झाकून बोलतानाही दिसते. पण ‘मला अजून ठरवायचंय’ असं म्हणत समोरच्याला झुलवणारी, स्वतः गोंधळणारी, प्रेमात पडूनही बोहल्यावर चढायला बिचकणारी, जिच्यामुळं प्रेक्षक पोट धरून हसतील अशी नायिका म्हणून ती दिसत नाही. ती जागा आजवर पुण्या-मुंबईच्या मुलींसाठी राखून ठेवलेली आहे.

त्या मुलींबद्दल तक्रार नाही. उलट मराठी पडद्यावर लग्नाला कचरणारी नायिका रुळली, हे चांगलंच झालं. ११ जून २०१० रोजी सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. दोन माणसं, एक दिवस आणि पुण्याचे रस्ते एवढ्यावर तो चालला. मुंबईची मुलगी पुण्याला येते ती आईनं सुचवलेलं स्थळ नाकारायला. मुक्ता बर्वेनं ती अशी उभी केली, की तिचा ताठा, तिची चिडचिड आणि मध्येच ढिली पडणारी तिची नजर हे सगळं घराघरातल्या मुलींना ओळखीचं वाटलं. या चित्रपटाची सगळ्यात मोठी गोष्ट तिच्या प्रवासातच आहे. नकार द्यायला ती स्वतः जाते. काकाला पाठवत नाही, फोनवर ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप धाडत नाही.

पुढं पाच वर्षांनी दुसरा भाग आला, १२ नोव्हेंबर २०१५ ला. आता लग्न ठरलंय, घरं एकमेकांत मिसळलीत, आणि नेमक्या अशा वेळी त्या मुलीच्या, गौरीच्या, पोटात गोळा येतो. जुना प्रियकर परत येतो हे निमित्त. खरी गोष्ट तिची धास्ती आहे. ७ डिसेंबर २०१८ च्या तिसऱ्या भागात ध्यानीमनी नसताना दिवस जातात आणि आई व्हायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न तिला छळतो. तीन चित्रपट आणि तिन्ही वेळा ही बाई ‘थांबा’ म्हणते. राजवाडेंचं श्रेय असं, की तिन्ही वेळा तिला कुणी खेकसून गप्प करत नाही. पण उत्तर तिन्ही वेळा सारखंच मिळतं: मुलगा किती गोड आहे बघ, घरचे किती समजूतदार आहेत बघ. तिच्या भीतीला कारण असू शकतं, हे तपासायला कथा फारशी थांबत नाही. तो मुलगा, गौतम, भला आहे म्हणून गौरीची भीती विरघळते. तो इतका भला नसता तर?

छोट्या पडद्यावर २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ घरोघर पाहिली गेली. तिथं घना आणि राधा या दोघांनाही लग्न नको होतं, आणि घरच्यांचा तगादा थांबावा म्हणून त्यांनी करारानं लग्न केलं. परेश मोकाशींच्या ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७) मधली सावित्री आणखी पुढं गेली. लग्नाआधी काही दिवस एकत्र राहून बघू, मग ठरवू, ही अट तिनं घातली, आणि दोन मध्यमवर्गीय घरांची त्यावर जी धांदल उडते त्यातून मराठीतला एक उत्तम विनोदी चित्रपट झाला. तिथं हसू येतं ते सावित्रीच्या अटीचं नाही. त्या अटीपुढं उघड्या पडणाऱ्या मोठ्या माणसांचं येतं. हा फरक बारीक दिसतो, पण त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. त्याच वर्षीच्या वरुण नार्वेकरांच्या ‘मुरांबा’त इंदूचं तीन वर्षांचं नातं मोडतं, आणि मुलाचे आईवडील त्या मोडण्याचं कारण शोधता शोधता आपल्याच मुलाकडं नव्यानं बघायला लागतात.

थोडं मागं गेलं तर हा फरक जास्त स्पष्ट होतो. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘तरुणीशिक्षण नाटिका’ लिहिली. शिकलेली मुलगी कशी बिघडते, घर कसं उधळते, हे दाखवून प्रेक्षकांना हसवायचं हा तिचा उद्देश. त्याच सुमारास मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला चालू होता. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, नवऱ्याकडं नांदायला जाणार नाही, असं त्या बाईनं सांगितलं. मार्च १८८७ मध्ये कोर्टानं हुकूम दिला: एका महिन्यात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तो वाद मिटला, त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि गुजरातेत त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. एकीकडं अशी माणसं आणि दुसरीकडं त्यांच्यासारख्या मुलींवर बेतलेला फार्स, हे दोन्ही महाराष्ट्रानं एकाच दशकात पाहिलं. हसणाऱ्यांची संख्या तेव्हा कुणाच्या बाजूला जास्त असेल, हे सांगायला नको.

पंचवीस वर्षांनी, १२ मार्च १९११ ला, ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आलं. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांचं संगीत आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. भामिनीची गोष्ट म्हणजे सरळ सरळ लग्नाला नकार देणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. वडिलांनी पसंत केलेला धैर्यधर गरीब म्हणून ती त्याला नाकारते, आणि मग वनमाला बनून, वेष पालटून, त्याला जवळून पाहते. नाटकाला तिचा गर्व उतरवायचा आहे, यात शंका नाही. तरी खाडिलकरांनी तिला एक मोठी सवलत दिली, जी आजही पुष्कळ मुलींना मिळत नाही: ज्याच्याशी लग्न करायचं त्याला, तो आपल्याला पाहायला आलेला नसताना, पाहून घेण्याची. आज पोरी मुलाचं इन्स्टाग्राम चाळतात, त्याच्या कॉलेजातल्या कुणाला तरी गाठून गुपचूप विचारतात, तीही एक वनमालाच. ११४ वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, सुबोध भावेंनी हेच कथानक पुन्हा पडद्यावर आणावंसं वाटून आणलं, ते त्यात अजून धुगधुगी आहे म्हणूनच.

पुरुष लग्नाला नाही म्हणतो तेव्हा त्याच्याकडं बघायची रीत वेगळी. अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी काढलेला १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ आठवावा. औदुंबर भाषण ऐकून ब्रह्मचर्याचं व्रत घेतो, भिंतीवरच्या नट्यांची चित्रं काढून टाकतो, आश्रमात जातो. प्रेक्षक हसतात, पण लाडानं हसतात. त्याचं ‘नाही’ हे व्रत आहे, आदर्श आहे, फार तर वेड आहे. भामिनीचं ‘नाही’ हा गर्व आहे. कानिटकरांच्या तरुणीचं ‘नाही’ हा शिक्षणाचा दुष्परिणाम आहे. आणि आजच्या मुलीच्या ‘नाही’ला गावात एक ठरलेला शब्द आहे: ‘शेफारलीय.’

बाहेरच्या देशांतही ही नायिका जुनीच आहे. फ्रँक काप्राच्या १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाईट’मध्ये श्रीमंताची लेक लग्नमंडपातून पळते. १९९९ च्या ‘रनअवे ब्राइड’मध्ये जूलिया रॉबर्ट्सची मॅगी एकामागून एक नवरदेवांना वेदीसमोर सोडून पळालेली असते, अख्खं गाव तिच्यावर विनोद करत असतं, आणि एक पत्रकार तिच्यावर लिहायला येतो. त्या चित्रपटात अंड्यांची एक गोष्ट आहे. प्रत्येक वेळी ज्याच्याशी लग्न ठरलं, त्याला जशी अंडी आवडायची तशीच मॅगीलाही ‘आवडायची’. शेवटी ती एकटी बसते, सगळ्या प्रकारची अंडी करून खाते आणि आपल्याला नेमकं काय आवडतं ते ठरवते. एवढ्याशा गोष्टीत त्या बाईचं पळणं समजतं. ती नवऱ्यांपासून पळत नव्हती. आपली आवड आपल्याला ठाऊक नाही, या जाणिवेपासून पळत होती. आपल्याकडं अंड्यांच्या जागी काय ठेवावं? आमटीतला गूळ ठेवता येईल. माहेरी आमटी तिखट, सासरी गूळ घालून. आणि वीस वर्षांनी लेकीनं विचारलं, ‘आई, तुला कशी आवडते गं?’ तर आईला पटकन सांगता येत नाही. अशा आया माजलगावच्या प्रत्येक गल्लीत आहेत.

इथं एक शब्द तपासायला हवा. ‘कमिटमेंट’ हा शब्द आता मराठीत इतका मुरलाय, की तालुक्याच्या कॉलेजातही ‘तो कमिटमेंट द्यायला तयार नाही’ असं पोरी बोलतात. पण लग्नाच्या व्यवहारातले अस्सल मराठी शब्द काय आहेत? शब्द देणं, बोलणी करणं, सुपारी फोडणं, सोयरीक जमवणं, आणि शेवटी कन्यादान. यातलं एकही क्रियापद मुलीचं नाही. शब्द देतात ते वडील, बोलणी करतात ते मामा-चुलते, सुपारी फोडतात ती जाणती माणसं. म्हणून जी मुलगी ऐनवेळी बिचकते ती शब्द मोडत नाही. तिनं तो दिलेलाच नव्हता, तिच्याकडं कुणी मागितलाही नव्हता. मुंबईची गौरी बिचकते ती स्वतः दिलेल्या होकारापुढं. माजलगावची मुलगी बिचकते ती दुसऱ्यांनी तिच्या नावानं दिलेल्या होकारापुढं. दोघींना ‘कमिटमेंटला घाबरणाऱ्या’ अशी एकच पाटी लावणं अन्यायाचं आहे, आणि कथा लिहिणाऱ्यासाठी ते मोठं नुकसानही आहे. कारण दुसरीच्या बिचकण्यात जास्त नाट्य आहे, आणि जास्त विनोदही.

आता माजलगावच्या बाजूचे आकडे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. बीड जिल्ह्यात ते ४३.७ टक्के होतं. म्हणजे दहा मुलींमागं चार जणींहून अधिक. या आकड्यामागं ऊसतोडीचा मोठा हात आहे. दिवाळी झाली, की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांतून ट्रक आणि ट्रॅक्टर माणसांनी भरून पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. मुकादमाच्या हिशोबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की घराची उचल वाढते. शिवाय सहा महिने आईबाप फडात असताना वयात आलेली लेक गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती असतेच. माजलगावात सिंदफणेवरच्या धरणाचं पाणी आहे, त्या पाण्यावर ऊस उभा आहे, कारखाने आहेत, त्यामुळं या तालुक्याचं चित्र कोरडवाहू तालुक्यांपेक्षा थोडं वेगळं. पण सोयरिकी तालुक्याच्या हद्दी पाहून होत नाहीत, आणि विचारांची रीतही त्या हद्दी पाळत नाही.

दुसरा आकडा २०११ च्या जनगणनेतला. शून्य ते सहा वर्षं वयाच्या दर हजार मुलांमागं बीड जिल्ह्यात फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्यावेळी जी बाळं होती, ती पोरं आता लग्नाच्या वयाला पोचताहेत. बायको मिळत नाही म्हणून तरुणांनी डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला होता. त्यात गर्भातच मारलेल्या मुलींचा प्रश्नही मांडला गेला. त्यानंतर वर्षभरानं, २६ जानेवारी २०२४ ला, शेती करणाऱ्या पदवीधराला मुलगी मिळत नाही या दुखण्यावरचा ‘नवरदेव बी.एस्सी. अ‍ॅग्री’ हा चित्रपट आला. विषय खरा आहे, पोरांचं दुःखही खरं आहे.

पण पोरी कमी झाल्या म्हणून पोरीच्या शब्दाला किंमत आली, असं झालेलं नाही. किंमत आली ती पोरीच्या बापाच्या शब्दाला. नोकरी हवी, पुण्यात फ्लॅट हवा, वर गावाकडं पाच एकर बागायत हवी, हे तो ठरवतो. नकार आहे, पण तो त्याचा आहे. मुलीला कधी शेतकरी मुलगाच आवडलेला असतो, कधी कुणीच आवडलेलं नसतं, कधी तिला फक्त दोन वर्षं हवी असतात. ‘माय, पुढच्या साली बघू की, अजून शिकायलेय मी’ या वाक्यापर्यंत तिचा आवाज जातो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबतो.

या उंबऱ्याशी मराठी सिनेमा अलीकडं एकदा नीट येऊन उभा राहिला. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ विदर्भातल्या डोंगरगावात घडतो. २०२३ च्या टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि ७ मार्च २०२५ ला तो इथं प्रदर्शित झाला. कापूस पिकवणाऱ्या बापाची लेक सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. पाहुणे येत राहतात. तोच स्टूल, तेच प्रश्न: नाव काय, उंची किती, छंद काय. मुलगी आत गेली की रंगाची आणि उंचीची चर्चा. चित्रपटाची सुरुवातच उलटी आहे. बायका ओळीनं बसल्यात आणि मधे मुलगा बसवलाय, त्याला प्रश्न विचारताहेत. मग सविता झोपेतून जागी होते. सभागृहात त्या प्रसंगाला जो हशा पिकतो, त्या हशाबद्दलच हा लेख आहे. प्रेक्षक हसतात ते मुलीच्या बाजूनं. या एका प्रसंगानं सिद्ध झालं, की गावातल्या मुलीच्या नजरेतून लग्नाकडं पाहिलं तर प्रेक्षक सोबत येतो. ‘स्थळ’ पुढं जड होत जातो आणि त्यानं तसंच व्हायला हवं होतं. पण त्या पहिल्या स्वप्नाच्या आत दुसरा एक अख्खा चित्रपट दडलेला आहे आणि तो अजून कुणी काढलेला नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला जाणत्यांचा: ज्या जिल्ह्यात अल्पवयीन मुलींची लग्नं लागतात तिथं हलकीफुलकी प्रेमकथा ही चैन आहे, तिथं गंभीर चित्रपट हवेत. गंभीर चित्रपट हवेतच. पण नुसते तेवढेच असले तर मुलगी कायम बिचारीच राहते. बिचारीची कीव येते, तिच्यासारखं व्हावंसं कुणाला वाटत नाही. विनोदी प्रेमकथेत मुलीला काहीतरी हवं असतं, ती हट्ट करते, चुकते, एकाला हो म्हणून दुसऱ्याकडं बघते, आणि तरी प्रेक्षक तिच्यावर माया करतात. चुकण्याची मुभा असलेली मुलगी पाहणं, ही बीडच्या पोरीसाठी चैन कशी असेल? तिच्या पुण्यातल्या मावसबहिणीला ती मुभा कधीच मिळाली.

दुसरा आक्षेप घराघरातला: अशा नायिका पाहून पोरी बिघडतील, संसार टिकणार नाहीत. २०१३ च्या ‘शुद्ध देसी रोमान्स’ या जयपुरात घडणाऱ्या हिंदी चित्रपटाच्या वेळीही अशीच भीती बोलली गेली, कारण त्यात दोघं मंडपातून पळून शेवटी बिनलग्नाचे एकत्र राहतात. पण संसार मोडतात ते विचार करून केलेल्या लग्नांमुळं नव्हे. सतराव्या वर्षी नांदायला गेलेली मुलगी बाविसाव्या वर्षी दोन लेकरं घेऊन माहेरी परतते, तेव्हा तिच्या आईला कुणीही विचारावं, की हिला दोन वर्षं थांबवलं असतं तर बरं झालं असतं का. उत्तर त्या बाईच्या डोळ्यांत असतं. बालविवाहाविरुद्ध कायदा आहे, २००६ चा आहे. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. १०९८ वर फोन केला तर लग्न थांबतंही. पण फोननं थांबलेलं लग्न मुलगी अठराची झाली, की पुढच्या मुहूर्तावर लागतं. अठरा पूर्ण झाल्यावर तिला विचारायचं असतं, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकातून घरात शिरत नाही. गोष्टींमधून शिरते.

अशा गोष्टीसाठी लागणारं सगळं साहित्य माजलगावात हाताशी आहे. मराठवाड्याची बोली विनोदाला चालते का, हा प्रश्न १९७९ सालीच निकालात निघाला. लक्ष्मण देशपांडेंनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं, एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली, आणि पुण्या-मुंबईसह परदेशातल्या मराठी माणसांनी ती बोली डोक्यावर घेतली. ते होतं लग्नाच्या वऱ्हाडाचंच नाटक. देशपांडेंच्या मागं त्याचे प्रयोग करतोय तो संदीप पाठक मूळचा माजलगावचा. म्हणजे वऱ्हाडाच्या विनोदाची सगळ्यात मोठी परंपरा या मातीत आहे आणि ती जिवंत आहे. आता बोहल्याच्या पलीकडच्या बाजूनं, अंतरपाटाआडून ती बोली ऐकायची आहे.

बाकीचं कथानक शासनाच्या निर्णयांनीच पुरवलंय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. २०२४ च्या शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. या दोन गोष्टींनी ‘पैसे कुठून आणायचे’ हे बापाचं हुकमी कारण काढून घेतलं. आता नाही म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागतं, आणि खरं कारण सांगताना माणूस अडखळतो. विनोद तिथंच जन्मतो. संभाजीनगरला शिकणारी, शनिवारी अर्ध्या तिकिटावर गावी येणारी मुलगी. दर शनिवारी तिच्या येण्याच्या वेळेला नेमके घरात हजर असणारे कुणीतरी ‘सहज आलेले’ पाहुणे. कुठल्या शनिवारी पाहुणे नाहीत याची खबर देणारा धाकटा भाऊ. आणि त्याच एसटीत दर शनिवारी दिसणारा, तिला खरोखर आवडायला लागलेला, पण ‘घाई नको’ असं तिनं बजावलेला एखादा मुलगा. खलनायक लागतच नाही. सगळे तिच्या भल्याचंच बोलतात, हीच तिची अडचण.

एक प्रसंग मात्र त्यात असायलाच हवा. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात, पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर, नाव-गाव-शिक्षण-मामाचं गाव सगळं विचारून झाल्यावर, पाहुण्यांतला एखादा जाणता माणूस मोठ्या मनानं म्हणतो, ‘तुला काही विचारायचंय का बाई?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक बैठकीत येतो. मुलीनं खाली बघून मान हलवायची असते, आणि मग पदर सावरत ट्रे उचलून आत जायचं असतं. स्वयंपाकघराच्या दारात आई श्वास रोखून उभी असते. दिग्दर्शकानं इथं कॅमेरा हलवू नये. मुलीनं ट्रे खाली ठेवावा. लांबच्या नातेवाइकांच्या लग्नात जेवणाला उशीर झाला तेव्हा तुम्ही वाढप्यावर ओरडला होतात, तो तुम्हीच का, असं मुलाला विचारावं. तुमच्या बहिणीला तिचा नवरा पसंत होता का, आणि तुम्ही तिला कधी विचारलंत, असं विचारावं. मला दोन वर्षं द्याल का, आणि दोन वर्षांनी मी नाही म्हणाले तर आमच्या घरावरून जाताना मान वळवून घ्याल का, हेही विचारावं. आणि मुलानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, की त्याच्या चुलत्याला मधे बोलू देऊ नये.